शेजारची खुर्ची

२४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा मी कोथरूडला भाड्याच्या घरात एकटी राहत होते. हिंजवडीच्या फेज तीनमधल्या आयटी ऑफिसला जाऊन येण्यात रोज तीन तास जायचे. वाटेवरच्या भूमकर चौकातली ती गर्दी एका दिवसात संपली. जूनमध्ये ई-पास काढून मी वाईला आईबाबांकडे आले. माडीवरच्या खोलीत टेबल मांडलं, इन्व्हर्टर बसवला आणि काम सुरू केलं.

पुढच्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, बोलणंही अडखळू लागलं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस व्यायाम घरच्यांनी करून घ्यायचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खाली जायचे आणि बाबांच्या मुठीतलं एकेक बोट हळूहळू सरळ करायचे. दिवाळीच्या सुमारास त्यांनी उजव्या हाताने चमचा धरून दहीभात खाल्ला. मी समोर बसले होते. पुण्यात असते, तर ही गोष्ट मला आईने फोनवर सांगितली असती. घरून काम करण्याचं मोल कुणी विचारलं, तर मला आधी तो चमचा आठवतो.

त्रासही होताच. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रात्री साडेआठला सुरू व्हायचे. ऑफिसात असताना बस पकडायची म्हणून तरी काम थांबायचं, इथे ते थांबवायला काहीच नव्हतं. दिवसा कुणी पाहुणे आले, की ‘तू घरीच आहेस ना’ म्हणत हाक यायची. हेडफोन लावून बसलेली बाई काम करते आहे, हे घराला पटवायला मला वर्ष लागलं.

पण सगळ्यात मोठी किंमत मी मोजलीच नाही, ती दुसऱ्याच कुणी मोजली. २०२१मध्ये आमच्या टीममध्ये नांदेडकडची एक मुलगी लागली, नुकतीच इंजिनीअर झालेली. लॅपटॉप तिला कुरिअरने मिळाला. आम्ही एकमेकींना फक्त स्क्रीनवर पाहिलेलं. एका रिलीजच्या आदल्या दिवशी कळलं, की एका साध्या चुकीपाशी ती दोन दिवस अडून बसली आहे. मी जरा वैतागून विचारलं, “अगं, मला फोन का नाही केलास?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅम, चॅटवर तुमच्या नावापुढे कायम ‘बिझी’चा लाल ठिपका असतो. फोन करू की नको, यातच दिवस जातो.”

त्या रात्री मला माझं नोकरीतलं पहिलं वर्ष आठवलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सीनियर बसायचे. मी काही विचारायच्या आधीच ते माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणायचे, “आधी लॉग बघ.” मला येतं त्यातलं निम्मं काम मी त्या खुर्चीमुळे शिकले. मी वाईला आले, तेव्हा या मुलीच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

घर की ऑफिस, यावर आमच्या टीममध्ये आजही एकमत नाही. लहान मुलांच्या आईला घर हवं असतं. एका खोलीत तिघं-तिघं राहणाऱ्या मुलांना ऑफिस हवं असतं. दोघांचंही खरं आहे. मला वाटतं, काम शिकलेल्या माणसाने हा निर्णय फक्त स्वतःच्या सोयीने घेऊ नये. आपण शिकलो तेव्हा कुणीतरी आपल्याजवळ बसलं होतं, ते ऋण पुढच्यांजवळ बसून फेडायला हवं.

ऑफिस पुन्हा उघडल्यावर मी आठवड्यातले दोन दिवस पुण्याला जायचं ठरवलं. आईने बाबांचा दुपारचा व्यायाम शिकून घेतला. पहिल्या दिवशी मी त्या मुलीला माझ्या शेजारी बसवलं. दुपारपर्यंत तिने मला अकरा प्रश्न विचारले. त्यातला एकही, मुद्दाम फोन करून विचारण्याइतका मोठा नव्हता.