कृष्णाकांठीं आमची कुरकुर

प्रवासवर्णन म्हटलें कीं काशी-रामेश्वर, हिमालय अथवा परदेश यांकडे वाचकांचें चित्त सहज धांवतें. आमचा प्रवास त्या मानानें अगदींच तोकडा, पुण्याहून वाईपर्यंतचा. अंतर सुमारें नव्वद किलोमीटर. परंतु ज्यानें जन्मभर मुलांच्या वह्यांतील चुका शोधण्याचें काम केलें, त्यास कुरकुर करावयास तेवढें अंतर पुरून उरतें, हा स्वानुभव येथें नमूद करीत आहों.

प्रवासास कारण झालें तें असें. आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, ते यंदा ७९ वर्षांचे झाले. त्यांस ऐकूं फारच कमी येतें. वहिनींचें माहेर वाईचें. दोन वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला, तेव्हांपासून त्या अंथरुणास खिळल्या आहेत. एके काळीं आमच्या घराची पहांट त्यांच्या कुरकुरीनें उजाडत असे. दुधांत पाणी फार, भाजी जून, सुनेचें फडकें ओलें, आणि भाऊजींचीं पुस्तकें जेथें तेथें! अंथरूण धरल्यापासून मात्र ती कुरकुर एकाएकीं थांबली. काय हवें म्हणून विचारावें, तर "कांहीं नको," एवढेंच उत्तर. ही शांतता दादांस, कान गेलेले असूनही, आम्हां सर्वांहून अधिक ऐकूं येत असावी.

एके रात्रीं औषध घेतां घेतां वहिनी आपल्याशींच पुटपुटल्या, "मेणवलीच्या घाटावर पाणी कुठवर आलंय, कोण जाणे." दादांनीं तें ओठांवरून ओळखलें. दुसरे दिवशीं सकाळीं ते आम्हांस म्हणाले, "चल, पाहून येऊं."

पहिली अडचण तिकिटाची. नातू म्हणाला, "आजोबा, घरबसल्या काढूं या." यंत्रानें प्रथम परवलीचा शब्द मागितला, त्यांत एक तरी अक्षर मोठें असावें, अशी अट. ज्या लिपींत लहानमोठें अक्षर असा भेदच नाहीं, त्या लिपींत उभा जन्म गेलेल्या मनुष्यानें काय करावें? तें संकट नातवानें निवारलें, तों दूरध्वनीवर सहा अंक येतील ते भरा, अशी आज्ञा झाली. दूरध्वनि माजघरांत, चष्मा देवघरांत. दोहोंची गांठ पडेपर्यंत मुदत संपली. तीन वेळां हाच प्रकार झाल्यावर आम्ही स्वारगेटचा रस्ता धरला.

गाडींत बसल्यावर वाहकानें दादांस शून्य रुपयांचें तिकीट दिलें. पंचाहत्तर वर्षें पूर्ण झालेल्यांस एस. टी.चा प्रवास २०२२ सालापासून मोफत झाला आहे. आम्ही अद्याप सत्तरीच्या अलीकडे, सबब निम्मे पैसे मोजले. त्या पुढें मात्र कुरकुरीस ऊत आला. मागील बांकावरील एका तरुणानें आपल्या यंत्रावर विनोदी चित्रफिती मोठ्यानें लाविल्या; प्रत्येक फीत पंधरा सेकंदांची, आणि प्रत्येकीचा हंशा तोच. पुढील गृहस्थ आपल्या जमिनीचा सौदा साऱ्या गाडीस ऐकवीत होते. शिरवळ येईपर्यंत गुंठ्याचा भाव आम्हांस मुखोद्गत झाला. खंबाटकीच्या घाटांत शनिवारची गर्दी, मोटारींची रांग गोगलगाईच्या चालीनें चाललेली. आमची धुसफूस चालूच होती. दादा खिडकीशीं बसून डोंगराकडे पाहात होते. आमच्या कपाळावरील आंठ्या पाहून ते हंसून म्हणाले, "तुला ऐकूं येतं, म्हणून तूं रागावतोस. ऐकूं येत आहे तोंवर रागावून घे." आम्ही वरमलों, पण गप्प झालों असें मात्र नव्हे.

वाईस उतरल्यावर प्रथम ढोल्या गणपतीचें दर्शन घेतलें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं हें देऊळ १७६२ सालीं बांधविलें. मूर्ति एका पाषाणाची आणि भव्य; परंतु आम्हांस खरें कौतुक वाटतें तें देवळाच्या मागील भिंतीचें. ती माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे, जेणेंकरून कृष्णेस पूर आला असतां पाणी दुभंगून दोहों अंगांनीं निघून जावें. पुराशीं कसें वागावें हें त्या गवंड्यास ठाऊक होतें. आम्ही छातीची सपाट भिंत करून उभे राहतों. वाई हें विद्येचेंही गांव. नारायणशास्त्री मराठे यांनीं येथें प्राज्ञपाठशाळा स्थापिली, आणि १९७६ सालीं ज्याचा पहिला खंड निघाला, त्या मराठी विश्वकोशाचें काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं येथेंच बसून चालविलें.

एवढें पुण्य पदरीं पाडून एका भोजनालयांत शिरलों. पदार्थांची यादी मागितली, तर मुलानें टेबलावरील काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनाकडे बोट दाखविलें. आम्हीं सांगितलें, "बाळ, तुला जें ठाऊक असेल तें तोंडानें सांग." त्यानें मोठ्या कष्टानें पिठलें-भाकरी हे शब्द उच्चारले. पैसे देतांना सुटे नाहींत म्हणून दोन पेपरमिटाच्या गोळ्या हातावर ठेवल्या. एक दादांनीं खाल्ली, दुसरी आमच्या खिशांत राहिली.

मेणवली वाईपासून जवळच, तीनएक किलोमीटरांवर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याखालीं कृष्णेचा अर्धचंद्राकृति घाट, आणि घाटावर एका लहानशा देवळींत टांगलेली ती प्रसिद्ध घंटा. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकली, त्या विजयांतील ही घंटा; तिच्यावर मेरी व बाल येशू यांची आकृति आहे. परक्या देवाची घंटा कृष्णाकांठीं इतकीं वर्षें कुरकुर न करितां नांदली आहे.

घाटावर पोहोंचतांच नातवानें शिकविल्याप्रमाणें आम्हीं यंत्रांतून घरीं वहिनींस नदी दाखवूं लागलों. क्षणभर चित्र उमटलें, आणि दादांचा अर्धा कान पडद्यावर आला तेथेंच गोठून बसलें. मध्यें एक चक्र फिरूं लागलें. आम्ही चडफडलों. तोंच त्या गोठलेल्या कानांतून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, चित्र राहूं द्या. पाणी कितव्या पायरीवर आहे तेवढं सांगा. घंटेच्या बाजूनं मोजा."

आमचे गुडघे दुखरे, परंतु उतरलों. एक हात दादांच्या खांद्यावर, दुसऱ्यांत यंत्र, आणि शाळेंत पाढे म्हणवून घेत असूं तसे मोठ्यानें आंकडे म्हणत गेलों. एकवीस पायऱ्या कोरड्या, बाविसावी ओली. तिकडून बराच वेळ शब्द नाहीं. चक्रच फिरत आहे असें वाटलें. मग एकाएकीं आवाज चढला: "बाविसाव्वी! अहो, तिथं शेवाळं असतं! म्हातारपणीं तिथवर उतरायला सांगितलं होतं कुणी? आणि यांना कशाला खालीं नेलंत? पाय घसरला म्हणजे? तुम्हां दोघां भावांना मेली अक्कल म्हणून नाहीं!"

दादांनीं विचारलें, "काय म्हणते?"

आम्हीं त्यांच्या कानाशीं तोंड नेऊन सांगितलें, "रागावते आहे."

दादा कांहीं बोलले नाहींत. वांकून त्यांनीं ओंजळभर पाणी डोळ्यांस लाविलें, आणि तेथेंच बाविसाव्या पायरीवर, शेवाळ्याची पर्वा न करितां, बसकण मारली.

परतीच्या गाडींत मागील बांकावर पुन्हां कोणाच्या तरी चित्रफिती चालू होत्या. त्या ऐकून आम्हांस राग आला नाहीं, असें लिहिणें असत्य होईल, चांगलाच आला. पण दादांचें तें वाक्य आठवलें, खिशांतील दुसरी पेपरमिटाची गोळी तोंडांत टाकिली, आणि मनांतल्या मनांत यथेच्छ रागावून घेतलें.

दुसरे दिवशीं सकाळीं सूनबाई वहिनींच्या खोलींतून रिकामी कपबशी घेऊन बाहेर आल्या. डोळे पाणावलेले, चेहरा मात्र हंसरा. म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात, चहांत साखर कमी आहे."