अब्बांचा लॅपटॉप

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा अब्बांच्या लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल टाकलेला होता आणि त्या रुमालावर अम्मीच्या औषधांची पिशवी. म्हणजे बरेच दिवस तो कुणी उघडलेला नव्हता.

अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाच्या आठवणी लिहायला घेतल्या. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं, शाळेत मिळालेली सुकडी, मिलोच्या लाल भाकरी, मोहरमच्या पंजांना खांदा देणारे मराठ्यांचे गडी. फजरची नमाज झाली की ते लिहायला बसत. उजाडेपर्यंतचा तासभर डोकं स्वच्छ असतं, असं ते म्हणत. मी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा माझा २०१५चा जुना त्यांना दिला होता.

फाईल उघडून पाहिली. शेवटचं लिखाण चार महिन्यांपूर्वीचं. वाक्यही अर्धंच राहिलेलं.

"अब्बा, लिखना क्यों छोड दिया?"

ते हसले. "मशीन को क्या बोलूँ? मैंच बुड्ढा हो गया रे. वो खुलने तक मैं भूल जाता, क्या लिखना था."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर उठलो आणि मोबाईलवर वेळ लावली. बटण दाबल्यापासून मराठीत पहिलं अक्षर उमटेपर्यंत नऊ मिनिटं गेली. तोवर दूधवाला येऊन गेला होता, अम्मीने दोनदा हाक मारली होती. मला फोनवर त्यांनी हे निदान तीनदा सांगितलं होतं. दर वेळी माझं उत्तर एकच, "जुना झालाय तो, बघू, नवीन घेऊ." ना नवीन घेतला, ना जुना पाहिला.

ज्यांच्या घरी असं मशीन आहे, त्यांच्यासाठी मी काय केलं ते सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. खिडकी लहान दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' असतं, त्यावर क्लिक करायचं. वरच्या पट्टीत 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. मशीन सुरू होताना न सांगता उघडणाऱ्या प्रोग्रॅमची ती यादी. विंडोज ७ असेल तर विंडोजचं बटण आणि आर दाबून 'एमएसकॉन्फिग' टाईप करावं लागतं, यादी तिथे मिळते. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधल्या 'अॅप्स' या भागातही 'स्टार्टअप' आहे.

अब्बांच्या यादीत चौदा नावं होती.

एसटी स्टँडवर गाडी लागायच्या आधीच लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं हे प्रोग्रॅम करतात. आपण एखादा प्रोग्रॅम टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो, तेवढ्यात तो स्टार्टअपमध्ये आपला रुमाल टाकून मोकळा होतो. जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. तिचं वाचणारं टोक एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ शकतं. चौदा जण एकदम मागायला लागले की ते नुसतं इकडून तिकडे धावत राहतं आणि माणसाला वाटतं, मशीन अडकलं.

यादीत प्रत्येक नावापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' लिहिलेलं असतं. सुरू होताना जो प्रोसेसरचा एका सेकंदापेक्षा जास्त वेळ खातो किंवा डिस्कवर तीन एमबीपेक्षा जास्त वाचतो-लिहितो, त्याला 'हाय' म्हणतात. अब्बांच्या यादीत असे पाच होते.

अब्बा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि हजेरी घेतल्यासारखं एकेका नावाबद्दल विचारू लागले. "ये किसका काम का?" मीटिंगचं अॅप माझ्या जुन्या ऑफिसचं होतं. गाण्यांचं माझं. गेम माझा. सिनेमे उतरवून घ्यायचं माझं. जो प्रिंटर मी पुण्यात भंगारात दिला, त्याचे दोन मदतनीस अजून रोज पहाटे उठून त्याला शोधत होते. चौदापैकी अकरा नावं माझी निघाली. अब्बा काही बोलले नाहीत. मलाच खाली बघावं लागलं. रोज फजरनंतर हा माणूस आधी माझं सामान उघडायची वाट बघत बसत होता, आणि उशिराचा दोष स्वतःच्या वयाला देत होता.

नावावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' म्हटलं की झालं. याने प्रोग्रॅम पुसला जात नाही. हवा तेव्हा आपण उघडू शकतो, फक्त तो स्वतःहून उठत नाही. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाचा ड्रायव्हर यांना मी हात लावला नाही.

तरी घाईत एक चूक केलीच. मशीन पुन्हा सुरू केलं, अब्बांनी लिहायला घेतलं आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. मराठी टायपिंगचा छोटासा प्रोग्रॅम मी न ओळखता बंद केला होता. परत यादीत जाऊन 'एनेबल' केलं. म्हणून सांगतो, सगळे एका दमात बंद करू नका. ज्याचं नाव कळत नाही, ते आधी शोधून बघा. एकेक बंद करा, मशीन पुन्हा सुरू करा, सगळं चालतंय ना ते पाहा. काही प्रोग्रॅम अपडेट झाल्यावर पुन्हा रुमाल टाकतात. त्यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप सुरू होण्याची खूण काढावी लागते. दोन-तीन महिन्यांनी यादीवर नजर टाकलेली बरी.

नऊ मिनिटांची साडेतीन मिनिटं झाली. डिस्क जुनी ती जुनीच. एसएसडी बसवली तर आणखी फरक पडेल, ती पुढच्या फेरीत नेणार आहे. पण या कामाला एक पैसा लागला नव्हता. लागली होती वीसेक मिनिटं, जी मी चार महिने देऊ शकलो नव्हतो.

परत निघायच्या दिवशी पहाटे जाग आली, तेव्हा पुढच्या खोलीत टकटक चालू होती. अब्बा एका बोटाने टाईप करतात. माझी चाहूल लागताच मान न वळवता म्हणाले, "वो सुकडी का रंग कैसा था, अम्मी को पूछ जरा."

अम्मी झोपेतच म्हणाली, "पिवळा. आणि आता झोपू द्या."