सहाव्या रकान्यातील शून्य

दुकानाचे दार उघडण्यापूर्वी कालची कीर्द पडताळून पाहावी, हा आपल्या जुन्या पेढ्यांचा शिरस्ता. संगणकासही तो ठाऊक आहे. लिनक्स प्रणालीचा संगणक सुरू होताना आपल्या डिस्कवरील फायलींची मांडणी एफएससीके या आज्ञेने तपासतो आणि बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करतो. ही तपासणी कोठे करावयाची, हे एफएसटॅब नामक फाइलीतील सहावा रकाना सांगतो : १ म्हणजे प्रथम, २ म्हणजे त्यानंतर आणि ० म्हणजे मुळीच नाही.

आमच्या कचेरीत तीन संगणक मिळून एकच साठा वापरतात. कचेरीचे सारे दप्तर त्यातच आहे. त्याची मांडणी जीएफएस-२ या पद्धतीची; २००६ साली ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. तिच्यापुढे आम्ही शून्य लिहिले आहे. नव्याने रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्यास ते खटकले. "सर, सर्वांत मोलाचा साठा हाच, आणि तपासणी नेमकी याचीच नाही?"

प्रश्न रास्त होता. आम्ही त्यास जवळ बसवून घेतले. नुकत्याच जाग्या होणाऱ्या संगणकाचा इतर दोघांशी अद्याप संबंध जुळलेला नसतो. ते साठ्यात लिहीत आहेत की नाहीत, हे त्यास कळत नाही. त्यांच्या कित्येक नोंदी स्मृतीत तयार असून डिस्कवर उतरावयाच्या असतात. अशा वेळी तपासनीस अर्धी ओळ चूक समजून खोडील, आणि ते दोघे खोडलेल्या ओळीवर विसंबून पुढे लिहितील. सर्वांचेच दप्तर नासेल.

"मग एखादा मध्येच बंद पडला तर?" त्याचीही तजवीज आहे. प्रत्येकाची कीर्द निराळी असते. बंद पडलेल्यास साठ्यापासून आधी तोडतात. मग उरलेल्यांपैकी एक जण त्याची कीर्द वाचून अपुरा व्यवहार मिटवितो. एवढ्याने बहुधा भागते. खरोखरच तपासणीची वेळ आली, तर तिघांनीही साठा सोडावयाचा आणि मग एकानेच हात घालावयाचा.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. सामाईक कपाट आवरणे हे पुण्यकर्मच; मात्र घरच्यांस विचारल्यावाचून ते आवरू गेल्यास कुणाचे तरी काही हरवल्याशिवाय राहत नाही.