गाडी खाली होईपर्यंत

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात, घाटाखाली आणि घाटावर. रेल्वे आहे ती सगळी घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, आणि जलंबहून फुटलेला खामगावचा छोटा फाटा, बस. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाण्याला रेल्वे नाही. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, कुठेच नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी माझ्या आजोबांच्याही आधीपासून चालू आहे. म्हणून घाटावरच्या दुकानात जे काही दिसतं, सिमेंट, पत्रे, खत, तेलाचे डबे, साबणाचे खोके, ते बहुतेक ट्रकनेच आलेलं असतं. त्यातलं थोडंफार मी नेतो. खामगावला नाहीतर मलकापूरला भरायचं आणि वर नेऊन द्यायचं, सहाचाकी गाडीवर माझं हेच काम.

लोक विचारतात, रस्त्याचा लई त्रास असंल नाही का? आहे. मलकापूरहून भरलं की राजूर घाट लागतो. भरलेली गाडी दुसऱ्या गेअरवर कण्हत चढते, त्यात वळणावर समोरून दोन्ही अंगांनी फुगलेली कापसाची गाडी आली की जीव मुठीत येतो. मे महिन्यात केबिनमध्ये इंजिनाची धग आणि बाहेरचं ऊन एक होतं. नव्या ट्रकना 1 ऑक्टोबर 2025 पासून एसी केबिन सक्तीची झाली, पण आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना त्याचा काय उपयोग? तरीही खरं सांगतो, चालत्या गाडीचं मला काही वाटत नाही. ड्रायव्हर खचतो तो उभ्या गाडीत.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. चिखलीला सिमेंट द्यायचं होतं. दहा टन म्हणजे 200 बॅगा. शटर उघडायच्या आत मी दुकानासमोर हजर. दुकानदार आले, त्यांनी बिल्टी पाहिली, म्हणाले, "थांबा जरा भाऊ, आज बाजार आहे. हमाल तिकडं गेलेत, आले की लावतो."

आठवडी बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तासाभरात वाहतूक पोलीस आले, गाडी काढा म्हणाले. दुकानदार म्हणाले, काढू नका, जागा गेली तर गाडी पुन्हा दारात लागायची नाही. दोघांच्या मध्ये मी. अर्धी गाडी नालीवर घेतली तेव्हा कुठे दोघं गप्प झाले. गाडी सोडून जाताही येत नाही. मागच्या बॅगा आहेत, डिझेल आहे, ताडपत्री आहे, आणि गेलेल्या वस्तूचे पैसे भरायचे ड्रायव्हरनेच. लघवीला जायचं तरी शेजारच्या पानठेल्यावाल्याला विनवून जावं लागतं. दुपारी घरच्या पोळ्या मी गाडीच्या सावलीत बसून खाल्ल्या. प्यायला पाणी मागितलं तर नोकराने नळ दाखवला, नळाला पाणी नव्हतं.

हमाल आले चार वाजता. "ताडपत्री सोडून ठेवा, लगेच खाली करतो," असं सांगितलं म्हणून मी दोर सोडले, ताडपत्री अर्धी गुंडाळली, आणि पंधरा-वीस बॅगा उतरतात न उतरतात तोच सर आली. हमाल शेडमध्ये पळाले. मी एकटा वर चढून ओढाताण करत राहिलो. ओली ताडपत्री किती जड होते ते ज्याने ओढली त्यालाच माहीत. पाऊस उघडल्यावर काम पुन्हा सुरू झालं. त्या हमालांबद्दल मी वाईट बोलणार नाही. 50 किलोची बॅग पाठीवर, मानेवर घाम आणि त्यावर सिमेंटची भुकटी चिकटलेली, रात्री अंघोळीला पाणी लागलं की कातडी चरचरते. त्यांनाही बॅगेवर पैसे मिळतात, म्हणून तेही घाईत. घाईत एकाचा आकडा बॅगेत घुसला, दुसरी बॅग फळीच्या खिळ्याला अडकून फाटली. दुकानदारांनी पोच पावतीवर लिहिलं, "2 बॅग फाटक्या", आणि सही केली. बॅगा दुकानाच्या दारात फाटल्या, मी हात लावला नव्हता. मी म्हटलं, "शेठ, असं कसं? तुमच्या समोरच फाटल्या ना."

"मी काय करू भाऊ? कंपनीला दाखवा लागते."

कंपनीने ते भाड्यातून कापलं, मालकाने माझ्या हिशेबातून. एका बॅगेला जवळजवळ एका दिवसाचा भत्ता जातो. माझा मालक काही वाईट माणूस नाही. त्याची एकच गाडी आहे, तिच्यावर बँकेचा हप्ता आहे, आणि दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीचं हॉल्टिंग त्यालाही कोणी देत नाही. लांबच्या मालाला हॉल्टिंग मागता येतं. लोकलला मागितलं की पुढचा माल दुसऱ्याच्या गाडीत पडतो. आम्हा दोघांचाही पैसा खेपेवर ठरलेला. दिवसात दोन खेपा झाल्या तर घर चालतं. एकीतच दिवस गेला तर तो दिवस फुकट.

कायद्यात काय होतं ते मी एका ओळखीच्या वकिलाकडून समजून घेतलं. 1961 चा मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा, तो नोव्हेंबर 2025 पर्यंत चालू होता. त्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास काम, आणि 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. वाचून बरं वाटलं. पुढचं ऐकून बरं वाटलं नाही. पहिलं म्हणजे, पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच तो लागू होता. एका गाडीच्या मालकाकडे एक ड्रायव्हर, फार तर एक किन्नर, म्हणजे आम्ही बाहेर होतो. दुसरं, गाडीच्या ठिकाणावर नुसतं हजर राहण्याचा वेळ 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामाच्या तासांत धरला जायचा. आमचं थांबणं 15 मिनिटांचं कधी असतं?

मालाचं मात्र सगळं मोजलं जातं. काट्यावर वजन होतं, आणि जादा भरलं तर 2019 पासून 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. ई-वे बिलाला मुदत असते, 200 किलोमीटरला एक दिवस. लोकल मालाचं बिल शनिवारी काढलं की रविवारी मध्यरात्री संपतं. शनिवारी गाडी खाली झाली नाही, रविवारी दुकान बंद, की सोमवारी सकाळी माल तोच, गाडी तीच, पण कागद मेलेला. मुदत वाढवून मिळते, पण ती वेळेत वाढवायला ऑफिसात कोणी फोन उचलावा लागतो. रस्त्यात तपासणी झाली तर उत्तर देणारा मीच.

थांबायला आमची ना नाही. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार-मेहकरकडून खामगावला येते, तेव्हा रस्ते वळवतात, गाड्या तासन् तास उभ्या राहतात. त्या दिवशी एकही ड्रायव्हर कुरकुर करत नाही, खाली उतरून वारकऱ्यांना पाणी देतो. ते थांबणं आपलं असतं.

जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नव्या न्याय संहितेत अपघातात माणूस मेला आणि न कळवता निघून गेलं तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा होती, जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यूला 2 वर्षं होती. सरकारने चर्चा केली, आणि 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं. जमावाच्या भीतीने ड्रायव्हर पळतो हे तेव्हा जगाने ऐकलं. रोजच्या थांबण्यासाठी मात्र कोणी संप करत नाही. ते थोडं थोडं करून खातं, म्हणून दिसत नाही.

"ज्याचा माल, त्याचा हमाल" ही ट्रान्सपोर्टवाल्यांची जुनी मागणी आहे. ती रास्तच आहे. माल उतरवून घेणं हे ज्याने माल मागवला त्याचं काम. मी त्यात एकच भर घालतो. माल येणार हे दुकानदाराला आदल्या दिवशी माहीत असतं, बिल्टीवर तारीख असते. हमाल त्या वेळी सांगून ठेवा. आणि पोच पावतीवर जशी फाटक्या बॅगांची नोंद करता, तशीच गाडी किती वाजता आली आणि किती वाजता खाली झाली याची नोंद करा. दोन वेळा लिहायला पेन तोच लागतो. ती नोंद हातात असली तर मालकाला हॉल्टिंग मागता येईल आणि मला मालकाकडे. घाटावरच्या सगळ्या दुकानदारांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे: उद्या दारात गाडी लागली की आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा.