फोटोला पाठ नसते

राहाता,
8 डिसेंबर

चि. सोनू हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी नुकताच बागेतून आलो होतो. तू रडत होतीस आणि मी नुसतं "हं, हं" करत होतो. रडणाऱ्या माणसाला फोनवर काय सांगायचं ते मला कधीच सुचत नाही. फोन ठेवल्यावर मात्र सगळं सुचलं. म्हणून हे पत्र. तुझ्या आईला यातलं काही बोललेलो नाही. ती लगेच म्हणेल, "ये बाई निघून, डी.एड. कर."

तू सांगितलंस ते आधी माझ्या शब्दांत लिहितो, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुला कळेल. हेड स्टडीला एक म्हातारेबाबा मॉडेल म्हणून बसले होते. आयुष्यभर हमाली केलेले, नाक बसकं, एक डोळा बारीक, पांढरी दाढी, डोक्याला फडकं. तीन दिवस तू चारकोलने त्यांना काढत होतीस. तिसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांचे बोर्ड भिंतीला लावायला सांगितले. तुझ्यापुढे थांबले आणि म्हणाले, "हे साईबाबा आहेत. मॉडेल कुठंय?" वर्ग हसला. तूही हसलीस, आणि हॉस्टेलवर येऊन मला फोन केलास.

मी तुझ्या सरांवर चिडायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला. कारण ते साईबाबा मीच तुझ्या हातात घातलेत.

तू सातवी-आठवीत होतीस. शाळा सुटली की नगर-मनमाड रोडवरच्या माझ्या दुकानात येऊन बसायचीस. फोटोवर चौकटी कशा पाडायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर कशा घ्यायच्या, मग एकेक घर कसं भरत जायचं, हे सगळं मी दाखवलं. तुझा हात माझ्याहून चांगला होता. शिर्डी इथून पाच-सहा किलोमीटर. तिथल्या लॉजवाल्यांनी तू काढलेले साईबाबा काउंटरमागं टांगले. लोक म्हणायचे, "हुबेहूब!" इंटरमिजिएटला तुला ए ग्रेड मिळाली, त्याचे दहावीला 7 गुण वाढले, आणि आपल्या घरात ठरलं की पोरगी आर्टिस्ट होणार.

पण चौकटीत काम करताना आपण चेहरा बघतच नाही गं. या घरात काळं किती, त्या घरात पांढरं किती, एवढंच बघतो. नाकाचा अर्धा तुकडा एका घरात, अर्धा दुसऱ्या घरात. शे-दोनशे वेळा तेच केल्यावर हाताला तो चेहरा पाठ होतो, आणि मग पांढरी दाढी आणि डोक्याला फडकं दिसलं की हात डोळ्यांची वाट न बघता धावत सुटतो. समोरचा हमाल बिचारा तीन दिवस बसून राहिला. तू त्याच्याकडे बघितलंसच नाहीस. सरांना दिसलं ते हेच.

आता शिर्डीचीच गोष्ट सांगतो. समाधी मंदिरातल्या मूर्तीपुढं आपण लहानपणापासून हात जोडतो, पण ती कुणी घडवली हे गावातल्या किती जणांना सांगता येईल? मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. बाबांनी देह ठेवला 1918 च्या दसऱ्याला आणि मूर्ती बसली 1954 च्या दसऱ्याला, 7 ऑक्टोबरला. मधे छत्तीस वर्षं गेलेली. समोर बसवायला माणूस नाही. हाताशी काळा-पांढरा फोटो. इटलीचा पांढरा संगमरवर आला होता, आणि त्यात पायावर पाय टाकून बसलेला माणूस उभा करायचा होता.

तू आणि मी त्या फोटोवर चौकटी पाडल्या असत्या. पण दगडावर चौकटी पाडून काय होणार? फोटोला पाठ नसते, सोनू. मानेमागचा खळगा नसतो, कफनीची घडी पाठीवरून खाली कशी उतरते ते नसतं, पायावर पाय घेतला की कमरेत माणूस कुठल्या बाजूला कलतो ते नसतं. हे सगळं तालीम यांना फोटोबाहेरून आणावं लागलं. कुठून आणलं असेल? शेकडो जिवंत माणसं बसलेली, उठलेली, वाकलेली बघून ठेवल्याशिवाय ते येत नाही. बाबांनी त्यांना दर्शन दिलं, असं सांगतात. मी ते खोटं म्हणत नाही. पण माती मळून मळून ज्याचा हात तयार झाला होता, त्यालाच त्या दर्शनाचा उपयोग झाला. मला दर्शन झालं असतं तर मी त्याचा एक छानसा बोर्ड रंगवला असता.

हे मला इतकं का लागतं, ते आजपर्यंत घरात कुणाला सांगितलेलं नाही. मी पण एक वर्ष कला महाविद्यालयात होतो, हे तुला माहीत आहे. पैसे नव्हते म्हणून सोडलं, हेही तुला माहीत आहे. पैसे नव्हते ते खरंच. पण मी सोडलं ते त्यासाठी नाही. 1986 साल. मातीकामाच्या तासाला स्वतःचा डावा हात करायला सांगितला होता. मी नखं केली, शिरा केल्या, बोटांच्या सांध्यावरच्या सुरकुत्यासुद्धा केल्या. पोरं बघायला जमली. मला वाटलं, जिंकलो. सरांनी येऊन तो हात हलकेच उचलला आणि उलटा केला. खाली सपाट माती. तळहात केलाच नव्हता. सर काही बोलले नाहीत, परत ठेवून पुढं गेले. शेजारच्या पोराचा हात ओबडधोबड होता, पण सगळीकडून हात होता. पंधरा दिवसांत मी पेटी उचलून राहात्याला आलो आणि वडिलांना म्हणालो, "शेतात तुम्हाला माणूस नाही, मी राहतो." ते खूश झाले.

पुढं वीस वर्षं बोर्ड रंगवले. सुतळीला नीळ लावून रेघ फटकारायची, हात टेकवायला काठी धरायची आणि ऑइलपेंटची अक्षरं ओढायची. रसवंती, कृषी सेवा केंद्र, लॉज, टेम्पोच्या मागचं "आईचा आशीर्वाद". माझ्या अक्षराला या रस्त्यावर नाव होतं. मग फ्लेक्स आला. एक पोरगा कॉम्प्युटर घेऊन बसला आणि माझं दोन दिवसांचं काम जेवायच्या आत करून द्यायला लागला. लोक म्हणतात फ्लेक्सनं पेंटर मारले. खरं आहे. पण माझी अक्षरं समोरूनच बघायची होती आणि मशीनलाही तेवढंच येत होतं. हात उलटा करून बघायची हिंमत मी 1986 सालीच सोडून आलो होतो.

तू म्हणशील, मामा, व्हॅन गॉगनंही कॉलेज सोडलं होतं. सोडलं होतं. 1886 च्या जानेवारीत तो अँटवर्पच्या अकादमीत गेला, मास्तरांशी त्याचं पटलं नाही, त्याला खालच्या वर्गात घालायचं ठरलं, आणि दोनेक महिन्यांत तो निघून गेला. पण निघून पॅरिसला गेला आणि तिथं कोर्मोनच्या स्टुडिओत पोरासोरांत बसून पुन्हा प्लास्टरचे पुतळेच काढत बसला. वय तेहतीस. माझ्यासारखा तो बोर्ड रंगवायला घरी आला नाही.

आणि हे वाचून बाबांची सगळी चित्रं जाळू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. नक्कल करणं वाईट नाही. जे.जे.चे ग्रिफिथ्ससाहेब 1872 पासून तेरा-चौदा वर्षांच्या काळात पोरांना अजिंठ्याला नेऊन भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती करून घेत होते. लेण्यांतल्या अंधारात उभं राहून. त्यातल्या बऱ्याच प्रती पुढं लंडनला आगीत गेल्या. पण त्या करणाऱ्यांतले पेस्तनजी बोमनजी माणसांची चित्रं काढणारे मोठे चित्रकार झाले. ते भिंतीसमोर उभे होते, हा रंग इथं का, ही रेघ इकडं का वळली, हे विचारत होते. आपण दोघांनी फोटोला कधी काही विचारलं नाही.

दुसरं तुझं दुखणं ज्युरीचं. बाकीची पोरं इंग्रजीत "कन्सेप्ट" सांगतात आणि तुझी बोबडी वळते. अगं, मराठीत सांग की! प्रभाकर बरवे अलिबागजवळच्या नागावचे. त्यांच्या चित्रांत घड्याळं, पानं, पेरसारखी फळं रिकाम्या जागेत तरंगतात. ती जागा म्हणजे काय, कोऱ्या कॅनव्हाससमोर बसल्यावर मनात काय चालतं, यावर त्यांनी 1990 साली 'कोरा कॅनव्हास' हे अख्खं पुस्तक लिहिलं, आणि मराठीत लिहिलं. कॉलेजच्या लायब्ररीत बघ, असेल. एवढ्या अवघड गोष्टी आपल्या भाषेत मावतात तर ज्युरीपुढची तुझी तीन मिनिटं मावणार नाहीत? आणि सांगायलाच काही नसेल, तर इंग्रजी येऊनही कुठं भागणार आहे?

रोजची पन्नास स्केचेस होत नाहीत म्हणालीस. हॉस्टेलच्या खोलीत बसून मोबाइलवरची माणसं काढलीस तर नाहीच होणार. स्वारगेटच्या स्टँडवर जा. तिथं कुणीही तुझ्यासाठी बसून राहणार नाही. पिशवी उचलायला वाकलेली बाई दोन सेकंदांत सरळ होते. तेवढ्यात पाठीची एक रेघ मिळाली तरी कागद सार्थकी लागला. चेहरे काढूच नकोस सध्या. निदान महिनाभर.

पन्नासातली एकोणपन्नास वाया जातील. जाऊ देत. आपल्या बागेतल्या पेरूला आपण लखनऊ 49 म्हणतो ना, तो मूळ तुझ्याच पुण्यातला. गणेशखिंडीच्या फळबाग केंद्रावर चीमा नावाच्या साहेबांनी लखनऊच्या बियांपासून रोपं वाढवली आणि त्यांतून 1927 साली ही जात निवडली. बाकीच्या रोपांचं पुढं काय झालं कोण विचारतंय? पण ती लावली नसती तर हे झाड कशातून निवडलं असतं?

तर आता मामाचं ऐक. कॉलेज सोडायचं की नाही ते आज ठरवू नकोस. त्या हमालबाबांना परत बसवता येतं का ते विचार. आले तर यावेळी बोर्ड घेऊन त्यांच्या मागं जाऊन बस. मान, खांदे, फडक्याची गाठ. ओझं वाहून खांदा कसा झालाय ते बघ. सर काही म्हणाले तर म्हण, मामानं सांगितलंय.

संक्रांतीला घरी येशील तेव्हा माझंही एक चित्र हवंय. मी ओट्यावर बागेकडं तोंड करून बसेन. तू पाठीमागून काढ. हुबेहूब नाही आलं तरी चालेल.

सकाळच्या ट्रॅव्हल्सनं पेरूचं एक क्रेट पाठवलंय. मैत्रिणींना दे, एक कापून काढून बघ. क्रेटचे पैसे मी इथंच भरलेत, ड्रायव्हरनं मागितले तर देऊ नकोस.

तुझा,
मामा