पितळेत रुतलेले ड्रिल



भोकात तुटून बसलेले ड्रिल काढताना त्या तुकड्यापेक्षा जॉबची, म्हणजे ज्या वस्तूवर काम चालले आहे तिची, काळजी आधी करावी लागते. कारण ड्रिल बाजारात पुन्हा मिळते, पण पितळी प्लेटवर तोवर झालेली सगळी मेहनत एका चुकीच्या फटक्याने वाया जाते. त्याच तुकड्यावर दुसरे ड्रिल चालवण्याचा बेत म्हणूनच सोडून द्यावा. हायस्पीड स्टील, म्हणजे टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम यांच्या मिश्रणामुळे तापल्यावरही धार टिकवणारे पोलाद, रॉकवेल सी मापनावर साधारण 62 ते 65 इतके कठीण असते. त्याच जातीचे ड्रिल त्यावर टेकवले, की ते कापत तर नाहीच, उलट तुटीच्या तिरप्या कडेवरून घसरून शेजारच्या मऊ पितळेत शिरते आणि भोक लांबट होऊन बसते. तुकडा तापवून मऊ करण्याचा जुना सल्लाही येथे कामाचा नाही, कारण साध्या कार्बन पोलादाचे पाणी ज्या आचेला उतरते, त्या आचेला हे पोलाद आपला कठीणपणा सोडत नाही.

ड्रिल पुष्कळदा त्याच्या अंगावरील पिळदार खाचांत कीस दाटल्यामुळे अडकते. तो कीस सुईने उकरून काढावा, पातळ तेलाचे थेंब सोडावेत, आणि टोक वर आलेले असल्यास बारीक चिमट्याने ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून पाहावे; भोक आरपार असेल तर मागून पंच लावून हलकेच ठोकावे. एवढ्याने तुकडा हलला नाही, तर जोर मात्र वाढवू नये.

पितळेपुरता उत्तम उपाय घरातल्या तुरटीत आहे, आणि पितळी प्लेटमध्ये तुटलेल्या पोलादी स्क्रूंसाठी घड्याळजी तो फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. तुरटी म्हणजे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे दुहेरी सल्फेट. ती पाण्यात विरघळली की द्रावण आम्लधर्मी होते, हे सौम्य आम्ल लोखंडाला खाऊ लागते व हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात, पितळेला मात्र फारशी झळ लागत नाही. काचेच्या भांड्यात विरघळेल तितकी तुरटी घालावी, प्लेट पूर्ण बुडेल असे पाहावे आणि द्रावण उकळीच्या जवळ, पण उकळू न देता, विजेच्या शेगडीवर ठेवावे. आटलेले पाणी भरत राहावे, खिडकी उघडी असावी आणि जवळ ज्योत नसावी. भोकाच्या तोंडाशी बुडबुड्यांची बारीक माळ दिसू लागली, की काम सुरू झाले असे समजावे. ती थांबली तर तुकड्यावर काळा गाळ धरलेला असतो. तो ब्रशने झाडून ताजे द्रावण घ्यावे. हायस्पीड स्टील साध्या पोलादापेक्षा सावकाश विरघळते, त्यामुळे एखादा दिवस सहज जातो आणि तो जाऊ द्यावा. प्लेटवर पोलादी पिना असतील तर त्या आधी काढून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण तुरटी पिनेत आणि तुकड्यात भेद करत नाही. जॉब पोलादाचा किंवा बिडाचा असल्यास हा मार्गच बंद होतो.

तेथे स्पार्क इरोजन, म्हणजे तेलासारख्या अवाहक द्रवात विजेच्या ठिणग्यांनी धातू कणाकणाने उडवण्याची रीत, उपयोगी पडते. सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेन्को यांनी 1943 मध्ये तिचा पाया घातला. अमेरिकेत हॅरल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग व जॅक बीव्हर यांनी तर ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत तुटलेली ड्रिल्स व आटे पाडणारे टॅप काढण्यासाठीच असे यंत्र घडवले. या रीतीत ठिणग्या सोडणारी तांब्याची नळी तुकड्याचा फक्त गाभा जाळते आणि उरलेल्या पाकळ्या चिमट्याने निघतात.

तुरटीच्या द्रावणात तुकडा विरघळल्यावर पितळी प्लेट खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावी, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी करावी, आणि पुढचे ड्रिल चालवताना ते थोड्या थोड्या खोलीवर बाहेर काढून कीस झाडत जावे.