चिलकूरच्या अकरा प्रदक्षिणा

गेल्या ज्येष्ठात आम्ही सपत्नीक चिलकूरला गेलो. वाटेत नानकरामगुडा लागले. बेगमपेटेच्या पायगाह महालातील अमेरिकेची वकिलात २०२३ पासून येथे आहे. पुढे उस्मानसागर. १९०८ च्या मुसीच्या महापुराने शहराची दैना झाली, तेव्हा निजामाने हा जलाशय बांधविला. त्याच्याच परिसरात बालाजीचे हे प्राचीन देवालय आहे. येथे हुंडी नाही, बड्यांची निराळी रांग नाही. नवस बोलताना ११ प्रदक्षिणा आणि तो फळल्यावर १०८, एवढाच देवाशी करार. परदेशी निघालेल्या मुलांनी त्याचे नाव ‘व्हिसा बालाजी’ ठेवले आहे.

दोन वर्षांपूर्वी कन्येच्या व्हिसासाठी आम्ही येथे आलो होतो. या खेपेस मागणे उलटे होते: तिला चार दिवस घरी येता यावे. काचीगुड्याच्या घरी आमच्या मातोश्री अंथरुणाला खिळल्या आहेत आणि नातीची वाट पाहतात.

कन्या मे महिन्यात पदवीधर झाली. तिकडे पदवीनंतर आपल्या विषयात वर्षभर काम करण्याची परवानगी मिळते. शिक्षणसमाप्तीच्या ९० दिवस आधीपासून नंतरच्या ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. अर्ज न करताच देश सोडला, तर ही संधी गेलीच म्हणायची. तिने अर्ज केला आहे. परवान्याचे कार्ड मात्र आलेले नाही. अशा वेळी प्रवासाला बंदी नाही. चालू व्हिसा, अर्जाची पोच आणि आय-ट्वेंटी पत्रावर महाविद्यालयाची सहा महिन्यांच्या आतली सही हवी. पण ती येथे असताना कार्ड मंजूर झाले, तर परतताना ते कार्ड व नोकरीचे पत्रही लागते. नोकरी अजून लागलेली नाही. शिवाय आत घ्यावे की नाही, हे अखेर विमानतळावरील अधिकारी ठरवितो. कायद्याने दार लावलेले नाही. पण उंबरठा ओलांडावा कोणी?

देवळात १०८ घालणारी मुले हातातील कार्डावर दर फेरीला एक खूण करीत झपाझप चालली होती. आमच्या अकरा संथपणे झाल्या.

घरी येऊन मातोश्रींना सारे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “लग्नानंतर वर्षभर मला तरी नांदेडला कुठे जायला मिळालं? सासरी रुळल्यावरच गेले. तिला म्हणावं, आधी काम लागू दे.”

त्याच रात्री आम्ही कन्येला कळविले, येऊ नकोस. आणि दुसऱ्या शनिवारी पुन्हा चिलकूर गाठले. या वेळी नवस व्हिसाचा नव्हता. आईच्या आयुष्यात थोडे दिवस मागितले.